पाव लिटर दुधाची पाच बटणं

दुधापासून प्लास्टिक करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हिनेगर घालू की लिंबू? विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आळीतली मुलं हाच प्रश्न घेऊन माझ्या ओट्याशी येतात. मी त्यांना सांगते, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो ती या कामातली सगळ्यात किरकोळ बाब आहे. दूध कशानेही नासेल. त्याचं पनीर होणार की बटण, हे ठरतं दुधात स्निग्धांश किती होता, चोथा किती वेळा धुतला आणि वाळवताना तुम्ही किती कळ काढलीत यावर.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. पहिल्या वेळी मी गवळ्याकडचं म्हशीचं दूध घेतलं, सवयीने उकळी आणली, लिंबू पिळलं आणि गोळा मोदकाच्या साच्यात दाबून गच्चीत उन्हात ठेवला. संध्याकाळी त्याच्या अंगावर तुपाचे थेंब आले. दुसऱ्या दिवशी मधोमध चीर पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मुंग्यांची रांग लागलेली. मोदकाचं काम त्यांनी तरी गोड मानून घेतलं.

दुधात प्लास्टिक येतं कुठून

गाईच्या दुधात साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के प्रथिनं असतात आणि त्यातली जवळपास ८० टक्के एकाच कुळातली: केसिन. हे केसिन दुधात बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. प्रत्येक गोळीच्या अंगावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलत राहतात. दूध पांढरं दिसतं तेही मुख्यतः या गोळ्या आणि स्निग्धकण प्रकाश विखुरतात म्हणून. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ च्या आसपास असतो. त्यात आम्ल घातलं की भार कमी होत जातो, गोळ्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून पाण्यात उतरतं, आणि सामू ४.६ ला आला की केसिनवरचा भार शून्य होतो. ढकलाढकली थांबते, गोळ्या एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. आपण म्हणतो दूध फाटलं.

केसिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. लांब साखळ्यांचा पदार्थ, ओला असताना आकार घेणारा आणि नंतर घट्ट होणारा, म्हणून त्याला प्लास्टिक म्हणणं चुकीचं नाही. पेट्रोलियमपासून केलेल्या बादलीशी मात्र त्याची तुलना करू नका. हे पाण्यात फुगतं, मातीत कुजतं, आणि एकदा नीट वाळलं की तापवून पुन्हा वितळवता येत नाही.

एकेकाळी हा पोरखेळ नव्हता, मोठा उद्योग होता. जर्मनीत हॅनोवरच्या विल्हेल्म क्रिशे या छपाईवाल्याला शाळांसाठी पांढरी, धुता येईल अशी पाटी करायची होती. बव्हेरियातल्या आडोल्फ स्पिटेलरबरोबर त्याने १८९७ च्या सुमारास केसिन फॉर्माल्डिहाइडमध्ये भिजवून कडक करण्याची रीत बसवली. स्पिटेलरच्या मांजरीने फॉर्माल्डिहाइडची बाटली आपल्या दुधाच्या ताटलीत लवंडली आणि शोध लागला, अशी एक कथा सांगतात. खरी असो वा नसो, मुलांना ती फार आवडते. या पदार्थाचं नाव गॅलालिथ. ग्रीकमध्ये ‘गाला’ म्हणजे दूध, ‘लिथॉस’ म्हणजे दगड. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला गेला, आणि पुढची तीसेक वर्षं बटणं, कंगवे, विणायच्या सुया, छत्रीच्या मुठी, दागिने, पेनं असं काय काय त्यातून निघालं. इंग्लंडमध्ये स्ट्राउड या गावी ‘एरिनॉइड’ नावाने हाच माल होई. कॉनवे स्टुअर्ट कंपनीची याच मालाची जुनी रंगीत फाउंटन पेनं जमवणारे लोक एकमेकांना बजावत असतात की ही पेनं पाण्यात भिजत घालून धुवू नका. कारण तुम्हाला आता कळलंच असेल.

दूध कोणतं

पिशवीवरचं छोटं अक्षर वाचा. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश १.५ टक्के, टोन्डमध्ये ३, फुल क्रीममध्ये ६. आपल्याला हवा सगळ्यात कमी. स्किम्ड मिळालं तर उत्तमच, त्यात अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतो. नाहीतर स्किम्ड मिल्क पावडर: २५ ग्रॅम पावडर पाव लिटर कोमट पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची आणि अर्धा तास ठेवायची. मला स्वतःला पावडरच आवडते. दरवेळी तेच दूध, तोच निकाल.

स्निग्धांशाचा एवढा राग कशासाठी? दूध फाटताना तुपाचे कण केसिनच्या जाळीत अडकतात. केसिनचे कण एकमेकांना चिकटायला हवेत, पण मधे तूप आलं की चिकटत नाहीत, गोळा मळताना भुसभुशीत राहतो आणि वाळल्यावर खवट वासही मारतो. म्हशीच्या दुधात केसिन जास्त असतं हे खरं, पण स्निग्धांशही सहा-सात टक्क्यांच्या घरात असतो. घरचं म्हशीचंच दूध वापरायचं असेल तर उकळी न आणता तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि जाड साय दोनदा काढा. पिशवीतल्या होमोजिनाइज्ड दुधावर ही युक्ती फारशी चालत नाही. त्यातले स्निग्धकण इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत.

आधी हिशेब करून ठेवा, म्हणजे नंतर निराशा होत नाही. पाव लिटर दुधात केसिन असतं जेमतेम साडेसहा ते सात ग्रॅम. डबल टोन्ड घेतलं तर अडकलेलं तूप धरून वाळलेला माल नऊ-दहा ग्रॅम भरतो. ओला गोळा लिंबाएवढा दिसतो, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मी एका वेळी सात-आठ बटणं कापते, त्यातली दोन-तीन वाळताना वाकतात किंवा चिरतात, पाच कामाची उरतात.

आम्ल

वाद मिटवूनच टाकू. खालची सगळी मापं पाव लिटर दुधासाठी आहेत.

पांढरं व्हिनेगर सगळ्यात सोपं. त्यात साधारण ४ टक्के ॲसिटिक आम्ल असतं आणि ते २५ मिलिलिटर, म्हणजे पाच चहाचे चमचे, पुरतं. रंग येत नाही. वास येतो, तो धुण्यात बराचसा जातो आणि उरलेला वाळताना उडतो.

लिंबाचा रस २५ ते ३० मिलिलिटर लागेल. चांगली रसाळ दोन कागदी लिंबं. गाळून घ्या, कारण रेषा आणि बियांचे तुकडे बटणात अडकले की तिथूनच चीर जाते. लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, तेव्हा माप एवढंच, डोळे उघडे ठेवा.

किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, माझं आवडतं. अर्धा चहाचा चमचा अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवायचं. वास नाही, गर नाही, माप चुकत नाही. पनीरसाठी याहून कमी पुरतं, कारण गरम दूध सामू साडेपाचच्या आसपास आला तरी फुटतं. आपल्याला मात्र थेट ४.६ पर्यंत खाली यायचं आहे.

चिंचेचं पाणी आणि कोकमाचं आगळ दोन्हींनी मी करून पाहिलंय. दूध फाटतं, पण चिंचेने गोळा मळकट तपकिरी होतो. आगळाने आलेला गुलाबी रंग ओला असताना फार मोहक दिसतो आणि वाळल्यावर जुन्या फरशीसारखा होतो. आगळात मीठही असतं, ते वेगळं धुवावं लागतं. हौस म्हणून एकदा करा.

आणि दही? त्यात लॅक्टिक आम्ल आधीच तयार असतं, दह्याचा सामू साडेचारच्या आसपासच असतो. श्रीखंडाचा चक्का म्हणजे या कामाची अर्धी वाट. पण चक्का फार मऊ असतो, त्याचे दाणे धुता येत नाहीत. धुवायला गेलं की पाण्याबरोबर वाहून जातो.

फाडणं

इथे हाताला वळण लागलेली एक सवय मोडायची आहे: दूध उकळायचं नाही. ७०-७५ अंशांच्या वर गेलं की निवळीत राहायला हवीत ती प्रथिनंही केसिनला चिकटतात आणि चोथा स्पंजासारखा, लवचीक होतो. रसगुल्ल्याला ते चालतं, बटणाला नाही. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतंच. आपल्याला ५० ते ५५ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून पाहा: चटका बसायच्या बेतात असावं, दोन सेकंदांपेक्षा जास्त बोट ठेवता येऊ नये. लहान मुलं करत असतील तर हे काम मोठ्यांनी करावं.

गॅस बंद करा. आम्ल एकदम ओतू नका. चमच्याचमच्याने घाला आणि दर चमच्यानंतर पळी तळापासून सावकाश फिरवा. भराभर घुसळलं तर दाणे चुऱ्यासारखे बारीक होतात आणि गाळताना कापडात शिरतात. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला पळीच्या पाठीवर कण दिसू लागतील, मग एकाएकी सगळं दूध दोन भागांत विभागेल: पांढरे गठ्ठे आणि हिरवट-पिवळी, आरपार दिसणारी निवळी. ती हिरवट छटा दुधातल्या रिबोफ्लेविनची, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाची. निवळी अशी स्वच्छ दिसली की थांबा. अजून दुधाळ असेल तर आणखी अर्धा चमचा.

थांबा म्हटलं की खरंच थांबा. ४.६ च्या खाली जात राहिलात तर केसिनवर उलट, म्हणजे धन भार येऊ लागतो आणि ते पुन्हा पाण्यात जाऊ पाहतं. गठ्ठे बुळबुळीत होतात. ‘थोडं जास्त घातलं तर लवकर होईल’ हा हिशेब इथे चालत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून पीएच पट्टी मिळाली तर निवळीत बुडवून पाहा. पातेलं झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा, गठ्ठे तळाशी बसू द्या.

धुणं

बहुतेक लोक गाळतात, पिळतात आणि थेट साच्यात भरतात. त्यांचं सगळं फसतं ते इथेच. निवळीत दुधाची सगळी साखर उतरलेली असते. दुधात लॅक्टोज जवळजवळ पावणेपाच टक्के असतं. न धुतलेल्या चोथ्यात अडकलेल्या निवळीबरोबर ती राहते आणि मग तो चिकट राहतो, पिवळा पडतो, बुरशी धरतो आणि मुंग्यांना निरोप धाडतो. माझ्या मोदकाची तीच कथा.

धुतलेलं मलमलचं किंवा जुन्या सुती पंच्याचं कापड चाळणीवर पसरून चोथा गाळा. निवळी टाकू नका. लिंबाची असेल तर कणीक मळायला छान. चोथा कापडासकट हलका पिळून एका भांड्यात घ्या आणि बोटांनी मोडून तांदळाच्या दाण्याएवढा करा. त्यावर त्याच्या तिप्पट-चौपट कोमट पाणी ओता, दोन मिनिटं ढवळा, गाळा. असं तीनदा. शेवटचं पाणी साधं, थंड.

पहिल्या धुण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा चिमूटभर लिंबूफूल टाका, विशेषतः घरी बोअरवेलचं पाणी येत असेल तर. ते जड आणि किंचित अल्कधर्मी असतं, त्यात दाण्यांचा बाहेरचा थर सुटून शेवाळल्यासारखा बुळबुळीत होतो. तिसरं पाणी गाळल्यावर पूर्ण निवळ दिसायला हवं. एक दाणा चाखून पाहिलात तर तो आंबटही लागायला नको आणि गोडसरही. बेचव लागला की समजा जमलं.

पिळणं आणि मळणं

चोथा कापडात बांधून, पोटली पिरगाळून जेवढं पाणी हाताने निघेल तेवढं काढा. मग पोटली उलट्या ताटलीवर ठेवून वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला डबा ठेवा, अर्धा तास. शेवटी कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा एकदा दाबा. पाव लिटरचा गोळा आता २०-२५ ग्रॅमच्या घरात यायला हवा. ४० ग्रॅम भरत असेल तर पाणी फार आहे, आणि ते पाणी जाताना बटण आक्रसेल.

आता तळहाताच्या टाचेने मळायला घ्या. पोळपाटावर दाबून पुढे ढकलायचं, गोळा करायचा, पुन्हा ढकलायचं. दहा मिनिटं तरी. सुरुवातीला ओल्या रव्यासारखं वाटेल, काही होत नाहीसं वाटेल, आणि मग सातव्या-आठव्या मिनिटाला अचानक दाणे दिसेनासे होऊन पृष्ठभागाला तुळतुळीतपणा येतो. हे व्हायलाच हवं. जिथे दाणे वेगळे राहिले तिथे वाळल्यावर भेग जाणार.

मळूनही गोळा फुटतच असेल तर दोन उपाय आहेत. पहिला: गोळा ताटलीत ठेवून ताटली गरम पाण्याच्या पातेल्यावर धरा, पाचेक मिनिटं, आणि गरम असतानाच मळा. बहुतेक वेळा एवढ्यानेच जमतं. दुसरा: खाण्याचा सोडा, पण अक्षरशः चिमटीत मावेल एवढा, दोन थेंब पाण्यात कालवून. सोड्याने केसिनचा थोडा भाग विरघळतो आणि तो उरलेल्या दाण्यांना सांधतो. गोळा लगेच ताणला जाऊ लागतो. हात सैल सुटला तर मात्र बटणाऐवजी गोंद होईल. तो वाया जात नाही, त्याबद्दल पुढे.

औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन पाच-सहा थेंब मळताना घातलं तर वाळलेली वस्तू कमी ठिसूळ होते. पण ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं. देशावरच्या कोरड्या हवेत जरूर घाला. आमच्या चिपळूणकडे पावसाळ्यात घातलंत तर बटण दिवाळीपर्यंत मऊच राहील.

रंग द्यायचा तर याच वेळी. खाण्याचा रंग चालतो. हळद सुंदर पिवळी बसते, पण उन्हात उडते. बीट पहिल्या दिवशी राणी रंगाचं, आठवड्याने तपकिरी. खरी मौज कुंकवाची: हळदीला चुन्याने लाल केलेलं पारंपरिक कुंकू या आंबूस गोळ्यात मळलं की डोळ्यांदेखत पुन्हा हळद होतं. रांगोळी कधीच मिसळू नका, ती कार्बोनेटी दगडाची पूड असते. उरलेल्या आम्लाशी तिचा फेस होतो आणि गोळ्यात बुडबुडे अडकतात. टिकाऊ रंग हवा असेल तर गेरू किंवा दिव्याचं काजळ. ही दोन्ही आम्लाला आणि उन्हाला दाद देत नाहीत.

आकार

गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटा. जाडी पाच मिलिमीटर, सगळीकडे सारखी. पातळ केलं तर पापडासारखं वाकतं, आठ-दहा मिलिमीटर केलं तर बाहेरून वाळतं आणि आत ओलं राहून तडकतं. बाटलीच्या बुचाने किंवा पेनाच्या रुंद टोपणाने गोल कापा. भोकं आत्ताच पाडा, दाभणाने किंवा टूथपिकने, आणि हवीत त्याहून थोडी मोठी. वाळल्यावर ड्रिलने पाडायला गेलं की कडा उडते.

वस्तू वाळताना प्रत्येक बाजूने पाचवा ते चौथा हिस्सा आक्रसते. २२ मिलिमीटरचं कापलं तर १७ च्या आसपासचं बटण हातात येतं. शर्टाच्या काजाला मापून बटण करायचं असेल तर हे लक्षात ठेवा. मी एकदा कुर्त्यासाठी केलेली सहा बटणं शेवटी बाहुलीच्या झग्याला लागली. मोदकाच्या साच्यासारखे उठावाचे साचे वापरायचे तर आत तेलाचं नुसतं बोट फिरवा आणि पाच मिनिटांत वस्तू बाहेर काढा. साच्यातच वाळू दिली तर आक्रसताना ती साच्याला अडते आणि फाटते.

वाळवणं

ऊन नको, पंख्याचा थेट झोत नको, ओव्हन तर नकोच. पाणी पृष्ठभागावरून झटकन उडालं आणि आतलं मागे राहिलं की कडा वर उचलतात, मग चिरा. त्यामुळे पहिले २४ तास बटणं सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर एखादं जाड पुस्तक ठेवा. कापड दर सहा तासांनी बदला आणि बटणं उलटा. दुसऱ्या दिवसापासून जाळीवर किंवा पिठाच्या चाळणीवर, सावलीत, दिवसातून दोनदा उलटत. पाच मिलिमीटरच्या बटणाला एकूण चार ते पाच दिवस लागतात.

पुणे-नगरकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी यासाठी सोन्याचे दिवस. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हा उद्योग उघड्यावर करूच नका, दुसऱ्या दिवशी पांढरी लव धरते. त्यावर तोडगा म्हणजे फ्रिज. नो-फ्रॉस्ट फ्रिजमधली हवा थंड आणि बरीच कोरडी असते. उघड्या जाळीवर वरच्या कप्प्यात ठेवलेली बटणं आठवड्याभरात, न वाकता, बुरशीशिवाय वाळतात. घरच्यांना आधी सांगा. माझ्याकडे पाहुण्यांनी पनीर समजून एक उचललं होतं.

वाळलं हे ओळखायचं कसं? फरशीवर टाकून पाहा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला पाहिजे. ‘थप्’ आला तर अजून दोन दिवस. नख दाबल्यावर वळ उठता कामा नये, आणि रंग दुधाळ पांढऱ्यावरून जुन्या हस्तिदंताकडे झुकतो. वजन सलग दोन दिवस तेच आलं की काम झालं.

घासणं, चकाकी

हार्डवेअरच्या दुकानातून २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर आणा आणि कोरडाच घासा. पाणी लावून घासायचं नाही, चार दिवसांची मेहनत मऊ होईल. शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्यावर थोडं मेण घेऊन चोळलं की छान मंद झळाळी येते. थोडंफार पाणी सोसायला हवं असेल तर सुतारांकडचं लाखेचं स्पिरिट पॉलिश पातळ हाताने तीनदा, दर वेळी पूर्ण वाळू देऊन. भोकांच्या आतल्या कडांना विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. रंगहीन नेलपॉलिशही चालतं, फक्त ते काही महिन्यांत सोलवटतं.

फॉर्मालिनचं काय?

हा प्रश्न नववी-दहावीतली मुलं हमखास विचारतात, कारण गॅलालिथची गोष्ट त्यांनी वाचलेली असते. फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड. फॉर्माल्डिहाइड केसिनच्या साखळ्यांमध्ये आडवे पूल बांधतं आणि म्हणून तो माल पाण्यात विरघळत नसे. पण कारखान्यातसुद्धा तयार पट्ट्या पातळ फॉर्मालिनच्या हौदात आठवडेच्या आठवडे, जाड असतील तर महिनोनमहिने बुडवून ठेवत. त्यानंतर त्या वितळवून साच्यात ओतता येत नसत. लाकडासारख्या कापून, कातून बटणं काढावी लागत. दुसरं म्हणजे कारखान्यांत आम्लाने फाडलेलं केसिन वापरत नसत. चीज करताना दूध ज्याने गोठवतात त्या रेनेटने काढलेलं केसिन घेत, कारण त्यात कॅल्शियम टिकून राहतं आणि माल जास्त चिवट होतो. आपलं लिंबू-व्हिनेगरचं बटण म्हणजे गॅलालिथचं धाकटं, कच्चं भावंड.

घरी फॉर्मालिन आणू नका. त्याच्या वाफा डोळे आणि घसा जाळतात आणि फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. पाण्यात टिकणाऱ्या पाच बटणांसाठी एवढी किंमत कोणी देऊ नये. प्रदर्शनाच्या तक्त्यावर त्याबद्दल लिहा, तेवढं पुरे. घरात कोणाला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर त्यांनी हा गोळा मळू नये, बटणही अंगाला लागेल असं लावू नये.

बिघडलेल्या मालाचा गोंद

मळताना फसलेला, न वाळवलेला, धुतलेला चोथा दोन मोठे चमचे घ्या. त्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि दोन चमचे कोमट पाणी घालून फेटा. फेस येईल, तो बसला की पांढरट, तार धरणारा गोंद उरतो. कागद, पुठ्ठा, लाकूड छान चिकटतं. सोड्याऐवजी पानाचा चुना वापरला तर सांधा ओलाव्याला जास्त दाद देत नाही, पण तो गोंद काही तासांतच भांड्यात गोठतो. लागेल तेवढाच करा. केसिनचा गोंद ही साधीसुधी चीज नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या लाकडी विमानाचे सुरुवातीचे सांधे त्यानेच जोडलेले होते, पुढे कृत्रिम रेझिनचे गोंद आले. आपला घरगुती गोंद फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी वास स्वतःच सांगतो.

राहिला बटण लावायचा प्रश्न. कपडा धुवायला टाकायच्या आधी ही बटणं काढावी लागतात, नाहीतर मशीनमधून पुन्हा चोथाच बाहेर येईल. म्हणून मी ती शिवत नाही. कपड्यावर दोन बारीक काजं करते, बटणाच्या मागे दोऱ्याचा फासा ठेवते आणि आतल्या बाजूने त्यात छोटी सेफ्टी पिन अडकवते. आजोबांच्या सदऱ्याच्या गुंड्या अशाच काढ-घाल करता यायच्या.